‘गाठ आहे’ इथपासून ‘गाठ कसली आहे’ इथपर्यंत: एका यकृत-तपासणी केंद्राच्या सेवेचे परीक्षण

यकृतात गाठ आढळल्यानंतर तिचे नेमके निदान करून देणाऱ्या एका केंद्राची सेवा मी गेल्या वर्षभरात दोनदा घेतली, प्रथम स्वतःसाठी आणि नंतर सासूबाईंसाठी. दोन्ही वेळा गाठ निरुपद्रवी निघाली. पण हे परीक्षण मी त्या सुटकेच्या आनंदात लिहीत नसून, निदान ज्या रीतीने झाले ती रीत मला मोलाची वाटली म्हणून लिहीत आहे. निष्कर्ष उलट निघाला असता तरी केंद्राविषयीचे माझे मत हेच राहिले असते. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण अशी सेवा घेताना नेमके काय पाहावे, कोणते प्रश्न विचारावेत आणि रिपोर्टात काय असायला हवे, हे वाचणाऱ्याला कुठेही उपयोगी पडावे एवढीच माझी इच्छा आहे.

सुरुवात दुसऱ्याच एका ठिकाणी झाली. पोटात उजव्या बाजूला वरचेवर दुखत असल्यामुळे, पित्ताशयात खडे आहेत का हे पाहण्यासाठी माझी सोनोग्राफी करण्यात आली. खडे नव्हते. मात्र यकृताच्या उजव्या भागात ३.६ सेंटिमीटरची गाठ दिसली आणि रिपोर्टाच्या शेवटी तिचा उल्लेख ‘एसओएल’ असा करून, कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही, बायोप्सीचा (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा) विचार करावा, असे दोन ओळींत लिहिले होते. एसओएल म्हणजे जागा व्यापणारी गाठ. या शब्दातून तेथे काहीतरी आहे एवढेच कळते, ते काय आहे याविषयी त्यात काहीही नसते. गाठीच्या कडा कशा आहेत, ती आजूबाजूच्या यकृतापेक्षा पांढरी दिसते की काळी, बाकीच्या यकृतात चरबी आहे का, कलर डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह कसा दिसला, यांपैकी एकाही गोष्टीची नोंद त्या रिपोर्टात नव्हती. माझी तक्रार आहे ती एवढ्यापुरतीच. गाठ त्यांच्या नजरेला पडली हे त्यांचे कौशल्यच म्हणावे लागेल, कारण पुढे माझ्या बाबतीत जे निदान झाले त्या प्रकारची गाठ साध्या सोनोग्राफीत बहुधा यकृताच्याच रंगाची दिसते आणि सहज निसटते.

त्याच दिवशी माझ्या रक्ताची अल्फा-फीटोप्रोटीन ही चाचणीही करून घेण्यात आली. ती सामान्य आली आणि घरातल्यांना हायसे वाटले. नंतर यकृततज्ज्ञांनी सांगितले की हे प्रमाण वाढलेले असेल तर संशय बळावतो हे खरे, पण यकृताच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांमध्ये ते वाढलेले नसते. म्हणून केवळ या आकड्यावर ना घाबरावे, ना निश्चिंत व्हावे. ही गोष्ट चाचणी करण्यापूर्वी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी बायोप्सीला थांबायला सांगून मला या केंद्राकडे पाठवले. तपासणीची वेळ ठरवण्यासाठी फोन केला तेव्हाच या सेवेचा वेगळेपणा जाणवला. पलीकडच्या बाईंनी नाव आणि वय लिहून घेतल्यावर थेट तारीख दिली नाही. एकामागून एक दहा-बारा प्रश्न विचारले. गर्भनिरोधक गोळ्या घेता का, किती वर्षांपासून? हिपॅटायटिस बी किंवा सी कधी झाला आहे का? मद्यपान? मधुमेह, वजन, यकृतातील चरबी? पूर्वी कोणता कर्करोग झाला होता का? मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का? पोटाचे जुने कोणतेही स्कॅन घरात असतील तर ते बरोबर आणाल का? त्या वेळी मला हे प्रश्न केवळ नोंदवहीचे रकाने भरण्यासाठी असावेत असे वाटले होते. वास्तविक निम्मे निदान त्यातच होते. यकृतातील एकाच आकाराच्या, एकसारख्या दिसणाऱ्या गाठीचा अर्थ ती कोणाच्या यकृतात आहे त्यावरून पुष्कळ बदलतो. सिरॉसिस (यकृत आक्रसून कडक होण्याचा आजार) असलेल्या किंवा जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाच्या यकृतात नवी गाठ दिसणे ही गंभीर बाब असते, तर यकृत निरोगी असलेल्या तरुण स्त्रीमध्ये अकस्मात सापडलेली गाठ बहुतेक वेळा साधी निघते.

मी नऊ वर्षे गर्भनिरोधक गोळ्या घेत होते. हे उत्तर त्यांनी दोनदा विचारून पक्के केले, आणि त्यामागील कारण मला रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांकडून कळले. माझ्या वयाच्या स्त्रीच्या निरोगी यकृतात सापडणाऱ्या गाठींमध्ये मुख्यतः तीन नावे पुढे येतात. पहिली हेमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या जाळ्याची गाठ. यकृतातील साध्या गाठींमध्ये हीच सर्वाधिक आढळते. दुसरी फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया, जिला डॉक्टर मंडळी एफएनएच म्हणतात. यकृतातील एखाद्या धमनीची रचना जन्मतः वेगळी असली की तिच्याभोवतीच्या पेशी वाढून ही गाठ तयार होते, असे मानले जाते. तिसरी अ‍ॅडेनोमा, म्हणजे यकृतपेशी वाढून बनलेली गाठ; ही दुर्मीळ असली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण ती मोठी झाल्यास फुटून रक्तस्राव होऊ शकतो आणि तिच्या काही प्रकारांचे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. गर्भनिरोधक गोळ्या आणि अ‍ॅडेनोमा यांचा संबंध १९७३ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला, आणि तेव्हापासून हा प्रश्न यकृताच्या प्रत्येक तपासणीत महत्त्वाचा ठरला आहे. म्हणजे माझ्या बाबतीत खरा प्रश्न ‘कर्करोग आहे का’ यापेक्षा ‘एफएनएच आहे की अ‍ॅडेनोमा’ असा होता, आणि हे त्यांना मी तेथे पोहोचण्यापूर्वीच कळले होते. त्यानुसारच त्यांनी तपासणीचा प्रकार आणि कॉन्ट्रास्टचे औषध (चित्रात गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते) निवडले.

माझ्यासाठी निवडलेल्या एमआरआयविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण सेवेचा दर्जा मला येथे सर्वाधिक जाणवला. यंत्रात जाण्यापूर्वी तंत्रज्ञ मुलीने मला श्वास रोखण्याचा सराव करायला लावला. श्वास आत घेऊन नव्हे, तर शांतपणे बाहेर सोडून सुमारे पंधरा ते वीस सेकंद थांबायचे. कारण सोडलेल्या श्वासावर यकृत प्रत्येक वेळी जवळजवळ त्याच जागी येते. तिने हे चार वेळा करून घेतले आणि चौथ्या वेळी घड्याळ लावून पाहिले. गॅडोक्सेटेट हे कॉन्ट्रास्टचे औषध शिरेतून गेल्यावर काहींना क्षणभर धाप लागल्यासारखे वाटते, ते आपोआप जाते, तेव्हा दचकून हलू नका, हेही तिने आधीच सांगून ठेवले. मला खरोखरच तसे वाटले आणि आधी कल्पना असल्यामुळे मी स्थिर राहू शकले. हे औषध एकदाच टोचले जाते आणि पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या आसपास येणारा धमनीचा टप्पा हुकला तर तो त्या बैठकीत पुन्हा मिळवता येत नाही. त्यामुळे चार मिनिटांच्या त्या सरावाचे मोल मी फार मोठे समजते.

धमनीचा टप्पा एवढा महत्त्वाचा का, हे यकृताच्या रक्तपुरवठ्यावरून समजते. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते आणि उरलेले एक चतुर्थांश धमनीतून. गाठी मात्र प्रामुख्याने धमनीच्या रक्तावर पोसतात. म्हणून औषध प्रथम धमनीतून येते तेव्हा गाठ कशी उजळते, नंतर पोर्टल शिरेतून यकृत भरून आल्यावर ती यकृताएवढीच राहते की काळी पडते, आणि काही मिनिटांनी तिचे काय होते, या क्रमातून गाठीची ओळख पटत जाते. गॅडोक्सेटेटची आणखी एक विशेषता आहे. हे औषध निरोगी यकृतपेशी स्वतःत ओढून घेतात आणि त्याचा सुमारे निम्मा भाग पित्तावाटे बाहेर पडतो. त्यामुळे वीस मिनिटांनी पुन्हा चित्र काढले की जेथे कामकरी यकृतपेशी आणि औषध आत घेण्याची त्यांची क्षमता शाबूत आहे, तेथे उजेड दिसतो आणि जेथे ती नाही, तेथे अंधार. एफएनएचमध्ये ही क्षमता टिकून असते. बहुतेक अ‍ॅडेनोमांमध्ये ती कमी झालेली असते. माझा सगळा प्रश्न त्या वीस मिनिटांनंतरच्या चित्रावर येऊन ठेपला होता.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. त्यात गाठीचे स्थान यकृताच्या आठ उपविभागांपैकी पाचव्यात, असे नेमके दिले होते. हे आठ विभाग फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्लोद कुइनो यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे आहेत आणि पुढे कधी शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर शल्यचिकित्सकाला हीच भाषा लागते. त्यानंतर प्रत्येक टप्प्यातील वर्णन होते: धमनीच्या टप्प्यात गाठ सर्वत्र एकसारखी उजळली, पोर्टल टप्प्यात यकृतात मिसळून गेली, टी-२ या एमआरआयच्या एका प्रकारच्या प्रतिमेत मध्यभागी व्रणासारखी पांढरी रेघ दिसली, गाठीत चरबी किंवा रक्तस्राव नाही, आणि वीस मिनिटांच्या चित्रात गाठ यकृताहून किंचित उजळ असून मधला व्रण तेवढा काळा आहे. निष्कर्ष म्हणून ‘एफएनएच’ हे नाव स्पष्टपणे लिहिले होते आणि बायोप्सीची आवश्यकता नाही, हेही. मला सर्वांत भावले ते यापुढचे वाक्य. काही अ‍ॅडेनोमा, विशेषतः दाहक प्रकारचे आणि बीटा-कॅटेनिन जनुकात बदल झालेले, हे औषध धरून ठेवू शकतात. म्हणून केवळ शेवटच्या चित्रावर नव्हे, तर मधला व्रण, एकसारखे उजळणे आणि चरबीचा अभाव या साऱ्यांचा एकत्र विचार करून हे निदान केले आहे, असे त्यात नोंदवले होते. आपले निदान कशावर उभे आहे आणि ते कुठे चुकू शकले असते, हे स्वतःहून सांगणारा रिपोर्ट मी तोपर्यंत पाहिला नव्हता. धमनीच्या टप्प्यातील काही चित्रे किंचित हलली असून ती निदानास पुरेशी आहेत, हेही त्यांनी लपवले नव्हते.

आणखी एका न केलेल्या गोष्टीचीही नोंद घेते. यकृतातील गाठींना क्रमांक देणारी ली-रॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची पद्धत आहे. ती २०११ मध्ये प्रथम आली आणि ती सिरॉसिस किंवा जुनाट हिपॅटायटिस बी यांसारखा धोका असलेल्या रुग्णांसाठीच आहे. माझ्यासारख्या निरोगी यकृताच्या रुग्णाला हे क्रमांक लावले तर धमनीच्या टप्प्यात उजळणारी साधी गाठही उगाच संशयास्पद ठरू शकते. या केंद्राने तो क्रमांक दिला नाही, आणि का दिला नाही हे एका ओळीत लिहिले.

त्यानंतर यकृततज्ज्ञांशी वीस मिनिटे बोलणे झाले. पडद्यावर चारही टप्प्यांची चित्रे शेजारीशेजारी लावून त्यांनी मला माझी गाठ दाखवली. एफएनएचचे कर्करोगात रूपांतर होत असल्याचे आढळलेले नाही, तिला औषध किंवा शस्त्रक्रिया लागत नाही, गोळ्या त्यापायी बंद करण्याची सक्ती नाही आणि गर्भारपणालाही तिची आडकाठी नाही, हे त्यांनी सांगितले. माझे दुखणे या गाठीमुळे नसावे, त्याचे कारण वेगळे शोधू या, असेही ते म्हणाले. गाठ सापडली म्हणून प्रत्येक त्रास तिच्या माथी न मारण्याची ही सावधगिरी मला पटली. अ‍ॅडेनोमा असती तर काय केले असते, असे मी विचारले. युरोपियन असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ द लिव्हर या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्त्रियांमध्ये प्रथम गोळ्या बंद करून, वजन जास्त असल्यास ते कमी करून सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय केला जातो आणि गाठ ५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी राहिली अथवा वाढत गेली तर ती काढण्याचा सल्ला दिला जातो. पुरुषांमध्ये मात्र आकार कितीही असला तरी ती काढण्याकडेच कल असतो. बायोप्सीलाही त्यांनी सरसकट नाव ठेवले नाही. चित्रांवरून निर्णय होत नसेल तर तीच उपयोगी पडते, कारण ग्लुटामाइन सिंथेटेज या प्रथिनाचा रंग दिल्यावर एफएनएचचा तुकडा नकाशासारख्या पट्ट्यांनी ओळखू येतो. परंतु जे सुईशिवाय निश्चित झाले आहे त्यासाठी रक्तस्रावाचा धोका, लहान का असेना, का पत्करावा, असा त्यांचा प्रश्न होता.

सासूबाईंची गोष्ट वेगळी होती आणि केंद्राची खरी परीक्षा तेथेच झाली, असे मी म्हणेन. त्यांना पूर्वी स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे आणि मूत्रपिंडांची कार्यक्षमताही कमी झाली आहे. नेहमीच्या सोनोग्राफीत यकृतात ५.२ सेंटिमीटरची, पांढरी, ठळक कडांची गाठ दिसली. चित्र हेमॅन्जिओमाचे होते. पण कर्करोगाचा पूर्वेतिहास असलेल्या व्यक्तीत केवळ पांढरेपणावर विसंबून राहता येत नाही, कारण दुसरीकडून पसरलेल्या गाठीही कधी अशा दिसू शकतात. मूत्रपिंडांमुळे सीटी स्कॅनचे आयोडीनयुक्त औषध आणि एमआरआयचे गॅडोलिनियम या दोहोंबाबत जपून राहायचे होते. केंद्राने त्यांना कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी सुचवली. यात सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे शिरेतून सोडतात; ते रक्तवाहिन्यांतच फिरतात, मूत्रपिंडांवर त्यांचा भार पडत नाही आणि वायू काही मिनिटांत श्वासावाटे बाहेर पडतो.

मी त्यांच्याजवळच उभी होते आणि ती तपासणी डोळ्यांसमोर घडताना पाहिली. प्रथम गाठीच्या कडेला तुटक तुटक ठिपके उजळले, मधला भाग काळाच राहिला. मग ते ठिपके फुगत, एकमेकांत मिसळत आत सरकू लागले. ‘सासूबाईंना सांगा, कडेकडून आत भरत चालली आहे, हेच आपल्याला हवे होते,’ असे रेडिओलॉजिस्ट डॉक्टर पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले. पाच मिनिटे होईपर्यंत त्यांनी प्रोब उचलला नाही, कारण पसरलेल्या कर्करोगाच्या गाठीतून बुडबुडे लवकर ओसरतात आणि ती काळी पडते, तर हेमॅन्जिओमात रक्त संथ फिरत असल्यामुळे उजेड टिकून राहतो. उजेड टिकला. मग त्यांनी तीन वर्षांपूर्वीचा, फोनवर मागवून घेतलेला जुना सीटी स्कॅन उघडला आणि तीच गाठ, त्याच जागी, तेवढ्याच मापाची दाखवली. त्या एका तुलनेने सासूबाईंच्या चेहऱ्यावर जो फरक पडला तो मी विसरणार नाही. अशा गाठीत सुई घालणे शक्यतो टाळतात आणि त्रास नसेल तर ती काढण्याचीही गरज नसते, हे ऐकून त्या पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसल्या.

आता उणिवा. माझ्या रिपोर्टात शेवटी सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करावा, अशी एक ठरावीक ओळ होती. यकृततज्ज्ञांनी मात्र ती आवश्यक नाही असे सांगितले, आणि निश्चित एफएनएचमध्ये, यकृताच्या रक्तवाहिन्यांचा दुसरा आजार नसेल तर, पाठपुरावा लागत नाही, असेच वर उल्लेखलेल्या २०१६ च्या सूचनांतही आहे. एकाच केंद्राच्या दोन डॉक्टरांची लेखी आणि तोंडी मते जुळत नसतील तर रुग्ण रात्रभर त्या एका ओळीकडे पाहत बसतो. मी विचारल्यावर त्यांनी सुधारित रिपोर्ट दिला, परंतु तो मिळायला नऊ दिवस लागले. हे बोलणे रिपोर्ट देण्यापूर्वी आपसांत व्हायला हवे होते. दुसरे, रिपोर्ट पूर्णपणे डॉक्टरांच्या भाषेत आहे. मला तज्ज्ञांनी समजावून सांगितले, पण ज्यांना भेटीसाठी आठवडाभर थांबावे लागते त्यांच्यासाठी सोप्या भाषेतील चार ओळी तरी सोबत असायला हव्यात. तिसरे, चित्रांची सीडी आपणहून दिली जात नाही, मागावी लागते. जुन्या स्कॅनचा उपयोग किती मोठा असतो हे ज्या केंद्राने मला दाखवले, त्यानेच नवा स्कॅन रुग्णाच्या हाती ठेवायला विसरावे, याचे वाईट वाटते.

या तिन्ही गोष्टी मी त्यांना लेखी कळवल्या. पहिल्या दोन मुद्द्यांवर अद्याप उत्तर आलेले नाही. सासूबाईंच्या तपासणीची सीडी मात्र त्यांनी न मागता, रिपोर्टाच्या पाकिटातच घालून दिली.